निळं स्टूल

शुक्रवार, १९ जून

प्रिय ताई,

तुला सप्रेम सलाम, आणि तुझ्या वॉर्डातल्या सगळ्यांनाही. आम्ही दोघं बरे आहोत. पप्पांची पाठ तेवढी कुरकुरते, पण ती साथ यायच्या आधीपासून कुरकुरतेय, तेव्हा त्याचं खापर साथीवर फोडता येत नाही. माझा खोकला गेला. साधाच होता. फोन करून वाफ घेतलीस का म्हणून विचारू नकोस, घेतली. दुकान बरं आहे.

तुझं पत्र पप्पांनी दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून, म्हणजे दुसऱ्यांदा नुसतंच हातात धरून बसले. इतके महिने तू त्या नर्सेसच्या वसतिगृहात अडकलीस, तुला घरी येता येत नाही, याबद्दल ते कुणाकडे बोलत नाहीत. तुझ्या पलंगाची चादर मात्र दर आठवड्याला बदलतात. त्यावर कुणी झोपत नाही. मांजरसुद्धा नाही, कारण तिला हाकलायचं काम माझ्याकडे आहे.

तरुण संघाचं काम कसं चाललंय विचारलंस. जोरात चाललंय. सकाळी चर्चच्या हॉलमध्ये धान्य, तेल, मीठ, साबण अशा पिशव्या भरायच्या, दुपारी म्हाताऱ्यांची औषधं आणायची, एकटे राहतात त्यांना रोज फोन करायचा. भोंगा आता अध्यक्ष आहे. तोच, ज्याला लहानपणी गायनात मागच्या रांगेत उभं करायचे आणि तरी पुढच्या रांगेचं काही ऐकू यायचं नाही. परवा औषधाच्या दुकानात त्याने चिठ्ठी वाचून दाखवली आणि अख्ख्या रांगेला कळलं की कोणत्या आजोबांना मूळव्याध आहे. पण मनाने सोनं आहे. बाकीच्यांनी हातपाय गाळले तेव्हा गाडी ढकलत हाच फिरत होता.

आणि गाण्याचं सविस्तर लिही म्हणालीस. त्यासाठीच बसलोय, आणि बघ, तेवढं सोडून बाकी सगळं लिहून झालं.

फोनवर सांगितलं असतं, पण पप्पा फोन स्पीकरवर ठेवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

गाण्याची कल्पना माझी, हे तू मेट्रनबाईंना सांगितलंस, पेशंटना सांगितलंस. खरंच माझीच होती. बैठकीत मी उभा राहून म्हणालो होतो, "पिशवी दाराशी टाकून पळायचं नाही. आपण काय पार्सलवाले आहोत? थांबायचं, गायचं, प्रार्थना करायची. माणसाला वाटलं पाहिजे की आपण एकटे नाही." सगळ्यांना पटलं. पाळकांनी तर माझ्या पाठीवर थाप मारली असती, पण अंतर पाळायचं होतं म्हणून हवेतच मारली.

घरात शिरायची परवानगी नाही, म्हणून आम्ही रस्त्यावर उभे राहतो. संडे स्कूलमधलं ते बुटकं निळं स्टूल आठवतं ना, ज्यावर तू मला उभं करून पाठांतर म्हणायला लावायचीस? ते घराच्या पायरीपुढे ठेवायचं, त्यावर पिशवी ठेवायची आणि मागे सरून गीत सुरू करायचं. घरचं माणूस खाली येतं, वाकून पिशवी उचलतं, आणि गीत संपेपर्यंत तसंच उभं राहतं. मध्येच कसं जाणार? गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडतात. लोकांना किती आवडतंय बघा, असं आम्ही म्हणायचो.

एकाच घरी रंग भरत नसे. वरच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकू, आईचे ब्लाऊज शिवायच्या त्या. आम्ही गायला लागलो की आत त्यांचं मशीन सुरू व्हायचं. घर्र घर्र. पिशवी घ्यायला त्या आम्ही गेल्यावरच बाहेर यायच्या. मी म्हणायचो, आपल्याला तबलजी नाही याची काकूंना काळजी. सगळे हसायचे. मी स्वतःही माझ्या विनोदावर हसायचो, ते तुला ठाऊकच आहे.

ताई, वर लिहिलंय ना, दुकान बरं आहे, ते खोडत नाही. बरं असेलही. मी तिथे नाही. चष्मे कोण करून घेतंय आता? मालकांनी दोघांना ठेवलं आणि मला हात जोडले. मी पप्पांना सांगितलं नाही. रोज सकाळी दुकानाचा शर्ट घालून निघतो आणि हॉलमध्ये जाऊन पिशव्या भरतो. लोकांना वाटतं, काय हा सेवाभाव. मला वाटत होतं, पप्पांना कळलेलं नाही. कपडे कोण धुतं घरात, हे विसरलो.

गेल्या शनिवारी खोकल्यामुळे मी घरी होतो. खोकला असेल तर यायचं नाही, हा नियमही माझाच. मी नियम फार केले. सकाळी खिडकीखाली भोंग्याचा आवाज आला, "चला, सूर घ्या." मला वाटलं, मी आजारी म्हणून भेटायला आले. ताई, मी केस विंचरले. खरंच, आरशासमोर उभा राहून भांग पाडला, आणि हसत खिडकीशी गेलो.

खाली निळं स्टूल होतं. स्टुलावर पिशवी होती.

भोंग्याने वर पाहिलं आणि लगेच चपलांकडे पाहायला लागला. तेवढ्यात मागे दाराची कडी वाजली. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले होते, उपासनेला घालतात तो. मला म्हणाले, "येतोस?" एवढंच. मी म्हणालो, "मला जरा बाथरूमला जायचंय."

आणि गेलो. कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी बंद केला नाही. तेव्हा कळलं, काकूंचं मशीन कशासाठी चालायचं ते. जावे त्याच्या वंशा, दुसरं काय.

पण नळाचा आवाज तो किती. गाणं ऐकू येतच होतं. त्यात खालचा सूर माझा असतो, मीच म्हणतो, दुसऱ्या कुणाला येत नाही. माझ्याशिवाय ते गीत लंगडं पडणार हे मला माहीत होतं, आणि खरं सांगतो, त्याही अवस्थेत मला त्याचं थोडं बरं वाटलं. पहिलं कडवं लंगडंच गेलं. दुसऱ्या कडव्याला खालचा सूर आला. जाड, थोडा फाटका, पण जागेवर. पप्पा गात होते. माझी ओळ. ती त्यांना कुणी शिकवलेली नाही, मी घरात घोकायचो ती भिंतीपलीकडून ऐकली असणार. आयुष्यभर पुस्तकं बांधून वाकलेला माणूस त्या बुटक्या स्टुलापाशी वाकला, गल्लीसमोर पिशवी छातीशी धरून उभा राहिला आणि आपल्या मुलाची जागा रिकामी दिसू नये म्हणून गात राहिला. आणि मुलगा बाथरूममध्ये भांग पाडून बसला होता.

मला त्यांची लाज वाटली होती, ताई. पिशवीची नाही, त्यांची. ते खाली गेले याची. आता ज्याची लाज वाटते ते वेगळंच आहे, आणि ते कुठे ठेवू कळत नाही.

वर आल्यावर त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. मी विचारलं, "कोणतं गीत होतं? नळ चालू होता, ऐकू आलं नाही."

"हो," ते म्हणाले, "पाणी बरंच वाया गेलं."

जेवताना मी विचारलं, पिशवीचं कुणी सांगितलं. म्हणाले, "मी. पाळकीणबाईंना फोन केला. तुझ्या बाह्यांना काचेची पूड असायची, धुवून निघायची नाही. हल्ली शर्ट नुसता घामाचा असतो." मग म्हणाले, "पोरं चांगली आहेत तुमची. पिशवी हलकी होती रे. गाणं जड झालं."

मी त्यांना सॉरी म्हणालो नाही. मीठ मागितलं.

काल काकूंकडे गेलो. पायरीवरून हाक मारली. त्या म्हणाल्या, "काय रे, आज शनिवार नाही." मी म्हणालो, काकू, गाण्याचं चुकलं आमचं. त्या मशीनवरचं कापड सरळ करत राहिल्या. म्हणाल्या, "गाता छानच रे. पण ज्या खिडक्या उघडतात ना, त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं. ब्लाऊजचं माप घेताना त्यांच्या तोंडाकडे बघावं लागतं मला." आणि मग, मी निघालो तेव्हा, "बाबा बरे आहेत ना तुझे? फार चांगला आवाज आहे त्यांचा." म्हणजे वरच्या गल्लीपर्यंत गेला होता.

उद्या शनिवार. संघ परत येणार. मी भोंग्याला अजून काही बोललेलो नाही. फोनवर बोलणं सोपं आहे, आणि म्हणूनच बोललो नाही. उद्या खाली जाणार. पप्पांच्या आधी जाणार, म्हणजे त्यांना वाकावं लागणार नाही. पिशवी मी उचलणार आणि तिथेच, हातात पिशवी असताना, माझ्याच संघातल्या पोरांना सांगणार की पुढच्या शनिवारपासून दाराशी गायचं नाही. पिशवी ठेवा, बेल वाजवा, निघा. पार्सलवाल्यासारखे. खिडक्या उघडतील. उघडू देत.

असं लिहितोय खरं. पाय किती साथ देतात ते उद्या कळेल.

तू मात्र एक कर. मेट्रनबाईंना आणि पेशंटना माझं जे कौतुक सांगितलंस ते मागे घे. हवं तर हे पत्रच वाचून दाखव. भांगाचं वगळलंस तरी चालेल. नको, तेही वाच.

आत्ता पप्पा बाहेरच्या खोलीत इस्त्री करतायत. त्यांचा उपासनेचा शर्ट करून झाला, खुर्चीवर टांगलाय. आता दुसरा घेतलाय. माझा आहे. मी त्यांना उद्याबद्दल काही सांगितलेलं नाही आणि त्यांनीही विचारलेलं नाही. कॉलर दोनदा केली.

तुझा धाकटा भाऊ,
गेल्या शनिवारी ज्याची ओळ पप्पांनी म्हटली