माझं मत बाद का केलं

वेर्बिव्का, १९ मार्च १९९१

चि. मेजर प्रोकिप यास थोरल्या बहिणीचा, म्हणजे मोत्र्याताईचा आशीर्वाद. तुझी पाठ, वहिनीचा दमा आणि तुझ्या वितालिकची बासरी (सैन्याच्या बँडमध्ये, घरापासून दोन बसथांब्यांवर, हो ना?) सगळं ठीक असेलच. आम्हीही ठीक. तू अधिकारी माणूस, तेव्हा सुरुवातीला चार शब्द मऊ लिही, असं तुझा मेहुणा निकिफोर म्हणाला. ते लिहून झाले.

रविवारी सोव्हिएत संघ ठेवायचा की नाही हे सांगायला आम्हाला शाळेत बोलावलं. निम्मं गाव सॉसेजसाठी आलं होतं (मतदानाच्या दिवशी ते कुठून उगवतं आणि एरवी कुठे दडतं, तुझ्या पक्षालाच ठाऊक). हातात दोन कागद दिले. एकावर प्रश्न, संघ टिकावा का? दुसऱ्यावर, आपला युक्रेन त्यात स्वतःच्या मर्जीचा मालक असावा का? नको ते उत्तर खोडायचं. लोकांनी दोन्हीकडचं 'नाही' खोडलं आणि सॉसेजची रांग धरली. आमच्या निकिफोरने कागदाला नाक टेकवून पहिल्यावरचं 'होय' खोडलं. संघ मोडला की पोरगं आपोआप घरी येतं, हा त्याचा हिशोब. मी म्हटलं, मोडला तर पोरगं परदेशात अडकेल. यावरून शाळेच्या अंगणात आम्ही इतके भांडलो की सॉसेजची अख्खी रांग तोंड फिरवून ऐकत उभी. शेवटी मी तणतणत आत गेले, दोन्ही उत्तरं खोडली आणि वर लिहिलं, 'आधी माझ्या रुस्लानला अझरबैजानातून घरी पाठवा, मग विचारा.'

पावाच्या दुकानातल्या पाट्या वीस वर्षं मीच लिहिते, माझं अक्षर गावाला पाठ आहे. सोमवारी केंद्रप्रमुख खारितोन पाव घ्यायला आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मोत्र्याकाकू, तुमचं मत बाद. प्रश्न संघाचा होता, तुमच्या मुलाचा नव्हता."

"त्या संघात माझं दुसरं आहे काय रे?" मी विचारलं. आणि त्याला शनिवारचा शिळा पाव दिला.

पण खारितोन बिचारा नुसता मोजणारा. माझा खरा राग तुझ्यावर आहे. रुस्लानच्या सैन्यभरतीच्या कागदावर शिक्का तू मारलास. सीमेवर पोरं लागतात म्हणालास, आणि ज्याला साधी शिट्टी धड वाजवता येत नाही त्या वितालिकला बासरी घेऊन दिलीस. सख्खा मामा ना तू? जरा लाज वाटू दे.

तुझी (अजून तरी) बहीण,
मोत्र्या

ता. क. शिक्का अजून तुझ्याच टेबलावर आहे. रुस्लानची बदली कर. त्याला त्या बँडमध्ये ढोल बडवायला बसव, मी तुला पुन्हा भाऊ म्हणेन.

ता. क. २. बदलीचं राहू दे. तो कुठे आहे तेवढं शोध. जानेवारीपासून त्याचं एकही पत्र नाही. निकिफोरचा मोतीबिंदू वाढलाय, बारीक अक्षर त्याला दिसत नाही, म्हणून दर रविवारी मी एक जुनं पत्र समोर धरते आणि मनचंच वाचते. परवा रुस्लानला सर्दी झाली होती, ती बरी झाली. निकिफोर दोनदा वाचायला लावतो. रविवारच्या आत कळव, पुढचं काय वाचू ते मला सुचत नाहीये.