क्लॅरिनेटचे दोन कागद

३ फेब्रुवारी १९५९, मंगळवार. वाकोला

फ्रान्सिस सकाळीच दारात. कलिन्याहून चालत आला, क्लॅरिनेटची पेटी काखेत. "पेडणेकर, कळलं काय तुला? तुझ्या मास्टरची मोठी रेकॉर्ड निघते."

माझा मास्टर कोणी नाही, म्हटलं. आत ये, चहा घे.

बातमी खरी आहे. नवी लांब चालणारी तबकडी. भास्करराव किर्तन्यांच्या चित्रपटांतल्या गाजलेल्या आठ धुना, गाणी नाहीत, नुसता वाद्यवृंद. वेष्टनावर भास्कररावांचा फोटो, हातात छडी.

आठही मी लिहिलेल्या. तो पेटीवर दोन ओळी गुणगुणायचा आणि सिगरेट पेटवायचा. व्हायोलिनं कुठे चढवायची, चेलोने काय धरून ठेवायचं, बासरीला कुठे गप्प बसवायचं, ते सगळं या हाताने. पाच रेघांवरचा एक ठिपका त्याला वाचता येत नाही. छडी!

यापुढे या वहीत तो 'भा.' एवढाच. पूर्ण नावाला माझी शाई नाही.

५ फेब्रु., गुरुवार

दोन दिवस तेच डोक्यात. होडीवाल्या चित्रपटाचा रौप्यमहोत्सव, चार वर्षांपूर्वी. भा.ने मला स्टेजवर बोलावलं. वाटलं, आज सांगणार. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे आमचे पेडणेकर. अक्षर काय सुंदर आहे यांचं!" टाळ्या. लोक हसले, मीही हसलो. ते हसणं आठवलं की अजून कान तापतात.

दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. त्याने माणूस पाठवला नाही.

सातवी पास. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता शिकलो. नोटेशनचं इंग्रजी पुस्तक रद्दीतून, डिक्शनरी शेजाऱ्याची. गुरू नाही, क्लास नाही. आणि म्हणे अक्षर.

८ फेब्रु., रविवार

आला. स्वतः. गाडी गल्लीत शिरेना म्हणून नाक्यावर ठेवून, झब्बा सावरत, गटार चुकवत. चाळीचे सगळे कठडे भरले. हिने धावपळ करून खुर्चीवरचे कपडे उचलले.

"गजा! किती वाळलास रे!"

"बसा भास्करराव." मुद्दाम 'बसा'. गिरगावच्या मेळ्यात दोघं एकाच पेटीवर आळीपाळीने वाजवायचो, तेव्हा मी त्याला 'सरक रे' म्हणत असे. त्याला लागलं. बरं झालं.

काम असं : चित्रपटाची ध्वनिपट्टी तबकडीला चालत नाही. तिच्यावर संवाद, घोड्यांच्या टापा, होडीच्या धुनेवर तर वल्ह्यांची खळखळ. सगळं नव्याने वाजवून घ्यायचं आहे. कागद मात्र कुणाकडेच नाहीत. रेकॉर्डिंग झालं की कागद रद्दीत, ही सगळ्या स्टुडिओंची रीत. माझी नव्हती. वाजवणारे उठले की मी स्टँडवरून एकेक गोळा करून घरी आणायचो. तेव्हा हसायचे.

"एकाला थेटरात बसवून, ऐकून लिहायला लावलं," भा. म्हणाला. "वरातीचा बँड झाला रे. तुझ्या ट्रंकेत असणार, मला खात्री होती."

"आहेत. कसरीने खाल्लेत थोडे. नवे लिहावे लागतील."

मग विचारलं. वेष्टनावर 'वाद्यवृंदरचना : गजानन पेडणेकर' एवढं हवं. मागच्या बाजूला, बारीक टायपात चालेल.

चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "बघू. कंपनीच्या हातात आहे रे ते. अक्षर अजून तसंच आहे ना तुझं?"

पुन्हा अक्षर.

म्हटलं, देतो लिहून. वीस तारखेच्या तालमीला सगळे कागद तयार. इतक्या पटकन हो म्हटलं की ही आतून डोकावली.

१० फेब्रु., मंगळवार

ट्रंक उघडली. आठ गठ्ठे, आठ फिती. सगळ्यात खाली होडी.

ही धून पोरं शिटीवर वाजवतात, लग्नात बँडवाले वाजवतात. व्हायोलिनं एक ओळ विचारतात, क्लॅरिनेट तीच ओळ उत्तर म्हणून देते, पण एक स्वर खालून. पलीकडच्या काठावरून कुणी ओ द्यावी आणि ती अर्धीच पोचावी, तशी. भा. सगळ्यांना सांगतो की ही जागा त्याला पहाटे सुचली.

त्याला काही सुचलेलं नव्हतं. त्याने गुणगुणलं ते सरळ होतं : तीच ओळ, त्याच सुरात परत.

आता लिहितोच. ही वही कोण वाचणार आहे.

ती माझी चूक होती.

क्लॅरिनेटवाल्याने कागदावरचा रे वाजवला की बाहेर सा ऐकू येतो. वाद्यच तसं आहे. म्हणून त्याच्यासाठी सगळं एक स्वर चढवून लिहायचं असतं. मला माहीत नव्हतं. रद्दीतल्या पुस्तकाची शेवटची वीस पानं फाटलेली होती आणि फुंकून वाजवायच्या वाद्यांचं प्रकरण नेमकं त्यांत. व्हायोलिनवाल्यांना लिहितो तसंच फ्रान्सिसला लिहिलं. वाजलं. उत्तर एक स्वर खालून आलं. काचेपलीकडून भा. ओरडला, "ठेवा! हेच ठेवा!"

पुढे धोबीतलावला अख्खं पुस्तक मिळालं. ते पान दुकानात उभ्याउभ्याच वाचलं. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हिलाही नाही.

११ फेब्रु., बुधवार

ठरलं. होडीचा क्लॅरिनेटचा कागद यावेळी बरोबर लिहायचा. नियमाप्रमाणे, एक स्वर चढवून. भा.ने जे गुणगुणलं तेच, सूर न् सूर. कोणी बोट ठेवू शकणार नाही. त्याच्या आठ धुनांतली सगळ्यात गाजलेली धून कायमची तबकडीवर जाईल, त्याने केली होती तशी. घरोघरी लोक सुई ठेवतील आणि म्हणतील, ही ती नव्हे.

छडी घेऊन शोधत बस म्हणावं.

१४ फेब्रु., शनिवार

पाच धुना लिहून झाल्या. दौत नवी, टाक जुनाच. रेघा स्वतः आखतो, छापील कागदाच्या रेघा वाकड्या असतात.

या पाचांवर मी काय जीव टाकला होता! तिसरीत चेलो आणि बासरी एकमेकांना न शिवता शेजारून जातात, त्या आठ मात्रांना चार दिवस लागले होते. त्याबद्दल कधी कुणी एक शब्द बोललं नाही. लोकांना होडी पाहिजे.

ही म्हणाली, "अहो, एवढं मन लावून लिहिताय, आणि चेहरा असा का, कुणाच्या मयताला निघाल्यासारखा?"

मग तांदूळ धुता धुता गुणगुणायला लागली. होडीच. व्हायोलिनची ओळ, आणि उत्तर, एक स्वर खालून. अगदी चुकीचं, अगदी बरोब्बर. टाक खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

१७ फेब्रु., मंगळवार

फ्रान्सिसकडे. त्याला त्याचे कागद आधी लागतात, चष्मा बदलल्यापासून. अंगणात बसून एकेक चाळत होता. होडीवर थांबला.

"कितें रे हें? हे तू बरोबर लिवलंस."

"मग चूक लिहू?"

"पयल्या वेळेला लिवलंस तसं लिव."

तो म्हणाला, "तुला काय वाटलं, मला ठाऊक नाही? मी बाराव्या वर्षापासून क्लॅरिनेट फुंकतो. कागद बघितला तेव्हा वाटलं, पेडणेकर मोठा हुशार, मुद्दाम केलंन. मग वाजवलं आणि तुझं तोंड बघितलं. पांढरंफटक!" आणि हसला, मांडीवर थाप मारून.

पाच वर्षं. या माणसाने पाच वर्षं माझ्या घरी चहा पिऊन हे पोटात ठेवलं. त्या क्षणी भा.पेक्षा याचाच राग आला.

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू कागद दुरुस्त केला असतास."

निघताना एवढंच म्हणालो, कागदावर आहे तेच वाजव. तो म्हणाला, "मी कागद वाचतो बाबा. भांडण तुमचं."

२० फेब्रु., शुक्रवार. अंधेरी

तालीम. सात धुना एका दमात लागल्या. व्हायोलिनवाल्यांनी माझ्याकडे बघून गज हलवले. ठीक.

आठवी. व्हायोलिनांनी विचारलं, क्लॅरिनेटने तेच, त्याच सुरात परत केलं. बिनचूक. मास्तरांच्या मागून पाढे म्हटल्यासारखं.

भा.चा हात हवेतच राहिला. "पुन्हा." पुन्हा तेच. "क्लॅरिनेट, काहीतरी... पुन्हा." पाच वेळा. झब्बा पाठीला चिकटला. शेवटी म्हणाला, "यात काहीतरी गेलंय."

मी उभा राहिलो, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "काही गेलेलं नाही, भास्करराव. तुम्ही पेटीवर गुणगुणलात तेच आहे. सूर न् सूर."

मागे कुणीतरी खुसखुसलं. चार वर्षांत इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

मग मला दाराबाहेर नेऊन, खालच्या आवाजात : "गजा, तेव्हा काय केलं होतंस रे?" डोळे मेळ्यातल्या भास्कऱ्याचे. वन्समोअर आला नाही की असा बघायचा.

"तेव्हा? तेव्हा तुम्हाला पहाटे सुचलं होतं ना?"

घरी येईपर्यंत चाल हलकी होती. ताट मात्र अर्धं सोडून उठलो. ते सरळ उत्तर ऐकलं आहे आता कानांनी. मेलेलं आहे ते.

२१ फेब्रु., शनिवार

भा.ची चिठ्ठी, ड्रायव्हरच्या हाती. सोबत वेष्टनाच्या मजकुराची टंकलिखित प्रत. चिठ्ठी उतरवून ठेवतो :

"गजा, पूर्वी केलं होतंस तसं कर. होडीच्या धुनेपुढे नावाची जागा कोरी सोडली आहे, तुझ्या हाताने भर. कंपनीच्या साहेबांना क्लॅरिनेटच्या त्या जागेची हकिकतही हवी, मागच्या बाजूला छापणार आहेत. उद्या सर्वांसमोर सांग. भास्कर."

होडीपुढेच कोरी जागा. बाकी सातांपुढे त्याचं नाव, टाईप करून.

म्हणजे ज्या सात माझ्या मेहनतीच्या, त्या त्याच्या. आणि जी माझ्या अज्ञानाची, ती माझी. तीसुद्धा हकिकतीसकट. 'फाटक्या पुस्तकावरून शिकलेल्या पेडणेकरांना क्लॅरिनेट ठाऊक नव्हती.' छापा! हजार घरांत वाचतील.

दुपारी बसून दुसरा कागद लिहिला. जुना, चुकीचा. तोही स्वच्छ, एक डाग नाही. का लिहिला, माहीत नाही.

२२ फेब्रु., रविवार. अंधेरी, स्टुडिओचं आवार

आत माईक लावताहेत. मी बाहेर बाकावर.

निघताना ही म्हणाली, "ते होडीचं उत्तर तेवढं सांभाळा हो. बँडवाले नेहमी बिघडवतात."

फ्रान्सिसला चिठ्ठी दाखवली. म्हणाला, "सोपं आहे. सांग मुद्दाम केलं. मी थोबाड उघडणार नाही, पाच वर्षं नाही उघडलं."

सोपं खरंच आहे. 'मुद्दाम' हा एक शब्द. पण कागदावर खोटा ठिपका मी कधी टाकलेला नाही. चुकीचा टाकला, तो खोटा नव्हता. आणि जुना कागद दाबून गप्प राहिलो तर भा. बुडतो, होडीसकट. त्या होडीत तांदूळ धुणारी हीसुद्धा बसलेली आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

मजकुराची प्रत खिशात. जागा कोरीच.

भा. छडी घेऊन फोटोसाठी उभा आहे, उलटी धरली आहे. सांगितलं नाही.

फ्रान्सिस दारातून हात पुढे करून विचारतो, "आण. कुठला?"

दोन्ही माझ्या मांडीवर आहेत. इथून बघितलं तर फरक कळत नाही. दोन्हींवर अक्षर सुंदर आहे.