राणीसाहेबांची शाल

३ मार्च, दुपार

ती. ताईस नमस्कार.

तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि चिमीची शाळा, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम. राजवाड्यात खायला-प्यायला काही कमी नाही, हे तू शेजारणींना सांगतेसच, तेव्हा पुन्हा लिहीत नाही.

बातमी अशी की मला सुट्टी मिळाली आहे. महिनाअखेर घरी येतेय. चांगली लांब सुट्टी आहे. चिमीला एवढ्यात सांगू नकोस.

इस्त्रीच्या खोलीत बसून लिहितेय. बाळराजे वर झोपलेत. त्यांचा पेपरातला फोटो पाहून तू फोनवर म्हणालीस, किती शहाणं लेकरू, आईच्या कडेवर कसं शांत आहे. त्या शहाणपणाची हकिगत आता ऐक.

इथे राजपुत्राच्या वाढदिवसाला राणीसाहेब त्याला कडेवर घेऊन सज्जात उभ्या राहतात. खाली चौकात ही गर्दी. आम्हा सांभाळणाऱ्या बायकांनी सज्जाच्या दारापर्यंत जायचं, पोर त्यांच्या हातात द्यायचं आणि पडद्यामागे उभं राहायचं. परदेशी दाई फोटोत दिसता कामा नये. गेल्या वर्षी त्यानं पडद्याकडे हात पसरून असा टाहो फोडला, की पेपरवाल्यांनी राणीसाहेबांची पार अब्रू काढली. त्या बिचारीचं तरी काय चुकलं? संध्याकाळी आंघोळ घालून, भांग पाडून पोर समोर आणलं जातं, ती गालाला हात लावते, तोवर पाहुणे येऊन बसलेले असतात.

यंदा कारभारीणबाईंनी, म्हणजे आमच्या वरच्या बाईंनी, मलाच विचारलं, यावर काही उपाय आहे का. आणि मी दीडशहाणी. मी तुझी गोष्ट सांगितली.

मी घर सोडलं तेव्हा चिमी जेमतेम चालायला लागली होती. तुझ्याकडे राहीना, दूध घेईना. मग तू माझी खुंटीवरची निळी शाल न धुता अंगावर घेतलीस, आणि ती तुझ्या खांद्यावर झोपली. केवढ्या आनंदानं कळवलं होतंस. मीही सुटकेचा निःश्वास टाकला. नंतर रडले, ते तुला कधी लिहिलं नाही.

इथे तेच उलट्या बाजूनं केलं. राणीसाहेबांची रोजची शाल, त्यांच्या अत्तराचा वास असलेली, मी अंगावर घ्यायला लागले. भरवताना, झोपवताना, पडल्यावर उचलताना, सगळ्या वेळी तीच. मुदपाकखान्यातली माणसं मला बघून उठून उभी राहायची आणि विचारायची, राणीसाहेब, आज चहा की कॉफी? मीही हसायचे. पोर त्या शालीत नाक खुपसून अंगठा चोखत पडायचं. मला वाटायचं, काय डोकं चालवलं मी.

वाढदिवसाला सज्जाच्या दारात शाल माझ्या खांद्यावरून काढली आणि राणीसाहेबांच्या खांद्यावर टाकली. माझ्या अंगाची ऊब तिच्यात होतीच. बाळराजे त्यांच्याकडे गेले, मान टाकली, अंगठा तोंडात घातला. पडद्याकडे वळूनही बघितलं नाही. आत आल्यावर राणीसाहेबांचे डोळे भरले होते. मला म्हणाल्या, "आज पहिल्यांदा हा माझ्याजवळ राहिला." तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शाल त्यांनी परत दिली नाही. मागणार तरी कशी, त्यांचीच ती. मग त्या रोज पोराच्या खोलीत येऊ लागल्या. आणि परवा कारभारीणबाईंनी बोलावलं. आवाज अगदी गोड. "तुम्ही इतकं छान केलंत, की आता तुमचं इथे काही काम उरलं नाही."

तेव्हा सुट्टी वगैरे काही नाही, ताई. काढून टाकलंय मला. तो झोपलेला असताना जायचं आहे, निरोप घ्यायचा नाही. माझा एप्रन आणि त्याच्या पाळण्यातली माझी ओढणी त्यांनी कालच धुवायला टाकली. उपाय माझाच, त्यामुळे काय काय धुवायचं हे त्यांना नीट कळलंय.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते. पण रागावलेय. त्याला कारण नाही, हेही मला कळतं. तू माझं लेकरू जगवलंस. पण मागच्या रविवारी चिमी माझ्याशी बोलता बोलता थांबली आणि फोनवर हात ठेवून तुला म्हणाली, "आई, हिच्याशी आणखी काय बोलू?" हात नीट ठेवला नव्हता तिनं. तू काही उत्तर दिलंस, ते मला ऐकू आलं नाही. मग ती शाळेतल्या गमती सांगायला लागली, धडा म्हटल्यासारखी.

दोन्ही पोरं मी वाढवली की वाढवून दिली, हेच मला कळेनासं झालंय.

आता एक काम कर. माझ्यासाठी जेवण, गादी, कसलीच तयारी नको. तुझ्या अंगावरची एक शाल तेवढी काढून ठेव. चिमी मोठी झालीय, तिला असलं काही लागत नसेल, मला माहीत आहे. तरी ठेव. आणि कृपा करून धुऊ नकोस.

तुझी धाकटी,
चिमीची आई