मोबाइलला लावलेला कडुनिंब

प्रिय सुभद्रा,

'प्रिय' हा शब्द आपल्या नातवानं, यशनं, लिहायला लावला. पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणे. सगळ्या संसारात मी तुला असं कधी म्हटलं नाही. आता म्हणतोय तर तू ऐकायला नाहीस. जाऊ दे.

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. झालं कसलं, उरकलं. भाऊबंद नाहीत, तुझ्या माहेरचं माणूस नाही. गर्दी करायची नाही असा हुकूम आहे. गुरुजी तोंडाला फडकं बांधून आले, मंत्र काय म्हटले ते त्या फडक्यालाच ठाऊक. घरचीच ताटं वाढली आणि घरचीच उचलली. तुझ्याबद्दल चार शब्द बोलायला बाहेरचं कोणी नव्हतं. वर्षाचं मनात साठलंय, ते कोणाला सांगू? म्हणून यशची एक वही घेतली. त्याच्या वह्या कोऱ्याच पडल्यात. काहून, ते सांगतो.

आधी तुझ्यामागं जगाला काय झालं ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुला वाटेल म्हाताऱ्याला भ्रम झाला. तू गेलीस आणि थोड्याच महिन्यांत एक रोग आला. श्वासातून लागतो. आपली हळद शिजवायचं काम चालू होतं, आणि एका रात्रीत सगळं बंद. वसमतचा बाजार बंद, एसट्या बंद, देवळं बंद. पिकात शिरू नये म्हणून आपण बैलाला मुसकं बांधायचो ना? तसं आता माणसांच्या तोंडाला बांधलंय. मलाही. चष्म्यावर वाफ येते, पुढचं दिसत नाही, आणि ज्ञानू म्हणतो, नाक झाका आबा. नाक झाकून माणसानं श्वास कुठून घ्यायचा? तू बरी सुटलीस. हो, मी असंच म्हणणार. सुटलीस.

ज्ञानूची पुण्याची कंपनी बंद पडली. तो, आपली सून सीमा, यश आणि धाकटी आरू, सगळे शेवटच्या गाडीनं गावी आले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तू गेल्यापासून घरात माझ्या खोकल्याशिवाय आवाज नव्हता. म्हटलं, आता घर भरलं.

भरलं, पण आवाज काही आला नाही सुभद्रा.

यशची शाळा मोबाइलमध्ये भरायला लागली. खरंच सांगतो. बाई मोबाइलमध्ये, फळा मोबाइलमध्ये, आणि हा गच्चीवर, कारण खाली रेंज येत नाही. निम्मा वेळ बाई नुसतं विचारायची, माझा आवाज येतोय का. मला खाली गोठ्यात येत होता, वर्गातल्या पोरांना येत नव्हता. लिहायचं काही नाही, बघायचं फक्त. वह्या कोऱ्या राहणार नाहीत तर काय होईल?

ज्ञानूला कंपनीनं परत बोलावलं नाही. तो बाजेवर आडवा, छातीवर मोबाइल. काही विचारलं की वस्सकन अंगावर यायचा. सीमा स्वयंपाक करायची, भांडी घासायची आणि भिंतीकडे बघत बसायची. रात्री झोपत नाही असं तिच्या डोळ्यांवरून कळायचं. विचारलं तर म्हणायची, काही नाही आबा.

आणि आरू! तीन वर्षं उलटून गेली लेकराला. मोबाइल समोर धरल्याशिवाय तोंड उघडत नव्हती. चित्रातलं मांजर नाचलं की सीमा घास कोंबणार. भाकर खाल्ली का भात, त्या पोरीला पत्ता नाही. बरं, ते एक वेळ चालेल. पण ती बोलत नव्हती. पाणी पाहिजे तर बोट दाखवायची. पडली तर रडायची, आई म्हणायची नाही. मध्येच त्या चित्रातलं काहीतरी हिंदी बडबडायची, तेही कोणाशी नाही, हवेशी. ज्ञानू या वयात दारावरून जाणाऱ्या माणसाला नाव ठेवायचा, आठवतं? मला रात्रंदिवस एकच घोर लागला, हे लेकरू मुकं राहतं का काय. कोणाजवळ बोलू? ज्ञानूला म्हटलं तर तो म्हणाला, बोलेल की आबा, घाई काय आहे. सीमाला म्हणायची सोय नाही, तिला वाटणार सासरा तिला बोल लावतोय.

मग मी माझं डोकं चालवलं. आता तू कपाळाला हात लावशील.

ज्ञानू मोठा झाला तरी अंगावरचं दूध सोडत नव्हता, तेव्हा तू काय केलं होतंस? कडुनिंबाचा पाला वाटून लावला होतास. त्यानं तोंड वाकडं केलं, थुंकला, भोकाड पसरलं, आणि सुटली सवय. आरूलाही मोबाइलचा कोपरा तोंडात धरायची खोड आहे. मी म्हटलं, बराबर, रोग तोच तर औषध तेच. दुपारी सगळे आडवे झाले, मी पाला ओरबाडला, तुझ्याच पाट्यावर चांगला गंधासारखा वाटला आणि सीमाच्या मोबाइलला चारी बाजूंनी लिंपला. काच सोडली. तेवढी अक्कल आहे मला.

आरू उठली. मोबाइल घेतला, कोपरा तोंडात घातला. तोंड वाकडं केलं, थुंकली. मी दाराआडून बघतोय, जीव मुठीत. तिनं मोबाइल फ्रॉकला पुसला आणि परत बघत बसली.

पण हिरवं पाणी त्या चार्जरच्या भोकात गेलं होतं. संध्याकाळपर्यंत मोबाइल मेला.

काय गहजब झाला म्हणून सांगू! यशची शाळा त्याच मोबाइलवर होती, ती बुडाली. ज्ञानू माझ्यावर असा ओरडला की शेळ्या उठून उभ्या राहिल्या. "आबा, ते मशीन हाय, आई न्हाई. पाला काय लावून राहिले तुमी त्याला?" मी म्हटलं, तुझ्यावर तर चालला होता. त्यावर त्याला हसावं का रागवावं कळेना, तो गच्चीवर निघून गेला. आपला मोबाइल मात्र घेऊन गेला, तो काही त्यानं पोराला शाळेला दिला नाही.

आरूनं रात्री खाल्लं नाही. सकाळी खाल्लं नाही. उताणी पडून टाचा घासायची. मी तिच्यासमोर खुळखुळा वाजवला, तिनं तो भिरकावला. मी चिडून म्हणालो, घरातली माणसं लेकराला वळण लावत नाहीत, मोबाइल हातात देऊन मोकळी होतात. सीमाकडे न बघता म्हणालो, पण ऐकणारी तीच होती.

तिनं हातातली परात खाली ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आबा, मोबाइल काढून घेतला, बरं केलं. आता तिच्याशी कोण बोलतंय ते सांगा. हे गच्चीवर. तुमी गोठ्यात. शेजारची बाई येत होती लेकरं घेऊन, तर दारात काटी तुमीच लावली. दिवसभरात मला तरी कोण बोलतं? मीच बोलायची इसरले, तर लेकरू कुठून शिकंल?"

काटी मीच लावली होती, हे खरं आहे. गावच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला होता, ते बघून मी आपल्या फाटकातही एक फांदी आडवी टाकली. टीव्हीवर रोज किती मेले ते सांगायचे. मी पाव्हण्यांना तसंच माघारी लावायचो, पोरांवर खेकसायचो, शिवू नका, जवळ येऊ नका. लोकांनी वेशीवरच्या काट्या कधीच काढल्या, माझी होती तिथंच होती. मला भीती वाटत होती सुभद्रा. मी मेलो तर मेलो, पण माझ्या हातून या लेकरांना काही झालं तर तुला कोणतं तोंड दाखवू?

सुनेला सासऱ्यानं काय उत्तर द्यायचं असतं, ते तू कधी सांगितलं नाहीस. गेलो आणि फांदी ओढून उकिरड्यावर टाकली. हाताला काटे लागले ते लागलेच.

दसऱ्यानंतर वसमतला लेकरांच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं आरूचे कान बघितले, घसा बघितला, टाळी वाजवून बघितली. म्हणाला, ऐकू चांगलं येतंय. मोबाइल कमी करा आणि घरात हिच्याशी बोला. मी म्हटलं, औषध? तो म्हणाला, हेच औषध. मी विचारलं, काय बोलू? म्हणाला, काहीही बोला आजोबा, काय करताय ते सांगत जा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत दाखवायला आणा. तोवर काहीच फरक नसला तर पुढं तपासू. पुढं तपासू म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. एवढ्या लांब एवढी तकलीफ घेऊन गेलो आणि साधी पुडीसुद्धा दिली नाही! असले डॉक्टर.

ज्ञानू म्हणाला, माझं डोकं ठिकाणावर नाही, मी काय बोलणार. सीमाला काम. राहिलो मी.

आता मला सांग, तीन वर्षांच्या पोरीशी म्हाताऱ्यानं काय बोलायचं? लेकरांशी बोलणं हे खातं तुझं होतं. मी तिला काखेत मारून गोठ्यात नेलं आणि सुरू केलं. ही शेळी, हिचं नाव ढवळी, ही लाथ मारते. हा पाला, हा ती खाते, तो खात नाही. कॅनॉलला पाणी सुटलं. माझा गुडघा दुखतोय, डावा. ती दुसरीकडे बघायची. मी बोलत राहिलो. बोलून बोलून घसा बसला. शेळ्यांना कंटाळा आला असेल, तिला काहीच नाही.

बोलायचं संपलं की मी रोगाचं काढायचो, कुठल्या गावात कोण गेलं. तर सीमा चुलीपासून म्हणायची, "आबा, मेलेल्यांचं नका ना सांगू लेकराला." मग मी म्हणायचो, तर तू सांग. मग ती तिच्या माहेरच्या म्हशीचं सांगायची, भाकरी थापता थापता. एकदा मी आरूला सांगत होतो की आपला तांबडा बैल औंढ्याच्या बाजारातून आणला. गच्चीवरून ज्ञानू म्हणाला, औंढा न्हाई, हट्टा. मी म्हटलं, औंढा. तो खाली उतरून आला भांडायला. पुष्कळ दिवसांनी तो आपणहून खाली उतरला होता. यशही आला. बैलावरून आम्ही चौघं जेवणं होईपर्यंत भांडलो. आरू एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि सीमानं मोबाइलशिवाय तिला घास भरवले, ते तिच्या ध्यानातही आलं नाही. बैल औंढ्याचाच होता, तुला माहीत आहे.

तरी पोरगी बोलायला तयार नव्हती. दिवाळी झाली. दोन महिने भरत आले. तू असतीस तर, असं मी दिवसातून किती वेळा म्हटलं असेल. तुझ्या फोटोलाही बोललो. कामाच्या वेळी निघून जायचं आणि फोटोत हसत बसायचं, हे काही चांगलं वागणं नाही.

परवा सकाळी ढवळीचं करडू मांडीवर घेऊन मी बसलो होतो, आरू शेजारी. मी तिला मंडळाचा माणूस वीज कशी कापून गेला ते सांगत होतो. रागानं सांगत होतो, कारण ते रागाचंच आहे. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. चिमुकला हात, शेणानं भरलेला.

"आबा, गप. पिलू झोपलं."

मी सीमाला हाक मारली तर तिनं अजून जोरात हात दाबला. "गप म्हनलं ना."

सीमा पिठाच्या हातानं धावत आली, ज्ञानू आला. सगळे तिच्याकडे बघायला लागलो तर ती लाजून करडामागं तोंड लपवून बसली. सीमा दाराला टेकून हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. ज्ञानूनं माझ्या मांडीवरचं करडू उचलून हळूच गवतावर ठेवलं, आणि लेकीजवळ खाली बसला.

तेव्हापासून ती चार-दोन शब्द बोलते. फार नाही. मोबाइलही दुरुस्त होऊन घरात आलाय, कारण शाळा अजून त्याच्यातच आहे. तो घरातून जाईल असं मी तुला सांगत नाही. माझी चिडचिड कमी होईल असंही सांगत नाही. एवढं मात्र कबूल करतो, या घरात जेवताना बोलणं चालू राहील. सीमा दिवसभर मुकी राहणार नाही. फाटकात काटी पडणार नाही. आणि आरूनं कितीही वेळा गप म्हटलं तरी मी गप बसणार नाही. सांगण्यासारखं संपलं की तुझं सांगीन. ते काही लवकर संपत नाही.

गुडघा दुखतोय, आता उठतो.

तुझ्यावर अजून रागावलेला,
ज्ञानूचा बाप