हजेरीपत्रक पोहोचवणाऱ्याचीच हजेरी लागत नसल्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
कला महाविद्यालय,
पहिला मजला, जिन्याला लागून असलेली खोली.

विषय : प्रथम वर्ष, वर्ग 'ब', हजेरी क्रमांक ४७ यास विद्यार्थी समजण्यात यावे, तसेच गैरहजेरांच्या यादीतून त्याचे नाव कमी करावे, याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराच्या प्रवेशाची पावती.
२) गैरहजर विद्यार्थ्यांची यादी, काल सकाळी सूचना फलकावर लावलेली. (लावणारा : अर्जदार.)

महोदय,

१. अर्जदाराचे वय एकसष्ट. तो एका शाळेत चौतीस वर्षे शिपाई होता. निवृत्तीनंतर घरी बसून त्याने शाळेची शेवटची परीक्षा दिली, तीत तो दुसऱ्या खेपेस पास झाला आणि यंदा आपल्या महाविद्यालयात रीतसर दाखल झाला. या वयात ही हौस का, असे आपण विचाराल. नोकरीत असताना सूचनेची वही घेऊन अर्जदार वर्गाच्या दारात उभा राही. गुरुजी तोंडातले वाक्य पुरे करून सही करीत, आणि तेवढे एक वाक्य अर्जदाराच्या पदरात पडे. अशा रीतीने त्यास पुष्कळ विषयांतले एकेक वाक्य येते. राजाने किल्ल्याला वेढा घातला, हे त्याला ठाऊक आहे. तो वेढा उठला की नाही, हे आजतागायत समजलेले नाही. एका गावाहून सकाळी सात वाजता निघालेली गाडी तर गेली वीस वर्षे त्याच्या डोक्यात धावते आहे. ती कुठेतरी पोहोचावी, एवढीच प्रवेश घेण्यामागची इच्छा होती.

२. पहिल्या दिवशी अर्जदार नवी वही घेऊन दुसऱ्या बाकावर बसला. प्राध्यापक आले, त्यांनी फळ्याकडे पाहिले, मग वर्गावरून नजर फिरवली आणि ती अर्जदारावर येऊन थांबली. म्हणाले, "अहो, जरा खडू आणता का?" अर्जदाराने आणला. यात चूक अर्जदाराची आहे, हे तो सुरुवातीलाच कबूल करतो. परंतु चौतीस वर्षांच्या सवयीने 'अहो, जरा' हे शब्द कानावर पडले की त्याचे पाय आधी उठतात आणि डोके मागून येते. खडू कुठे असतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते. पण खडू कोणत्याही शाळेत कार्यालयातल्या कपाटाच्या डाव्या खणातच असतो. इथेही होता. अर्जदार परत येईपर्यंत हजेरी घेऊन झाली होती.

३. खडू काढताना कार्यालयातील मोठ्या बाईंनी (आपल्या हेडक्लार्क) अर्जदाराला पाहिले. न विचारता बरोबर खण उघडणारा माणूस पाहून त्यांचे डोळे भरून आले. "दिला म्हणायचा एकदाचा माणूस! आठ महिने लिहून लिहून बोटं झिजली माझी," असे म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सर्व वर्गांची हजेरीपत्रके अर्जदाराच्या हाती दिली. शिपायाची एक जागा रिकामी होती, हे अर्जदारास पुढे कळले.

४. तेव्हापासूनचा रोजचा क्रम असा. अर्जदार वर्ग 'ब'चे हजेरीपत्रक प्राध्यापकांच्या हाती देतो. ते पान उघडून सत्तेचाळीसपर्यंत येतात, तोवर अर्जदार वर्ग 'क'च्या दारात असतो. वर्ग 'क'मध्ये त्याचे नाव नाही. एके दिवशी 'सत्तेचाळीस' ऐकून त्याने व्हरांड्यातूनच जिवाच्या आकांताने "हजर!" असा पुकारा केला. प्राध्यापक दारात येऊन त्यालाच म्हणाले, "बघा हो काका, कोण कार्टं ओरडतंय बाहेर." अर्जदार दोन्ही जिने पाहून आला. कोणी सापडले नाही, असे त्याने कळवले. ते खरेच होते.

५. गैरसमज दूर करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. अर्जदाराने मोठ्या बाईंना आपले ओळखपत्र दाखवले. "फोटो छान आलाय. गळ्यात घालत जा, साहेबांना आवडतं," असा शेरा मिळाला. मग त्याने धीर करून तोंडी सांगितले की, बाई, मी विद्यार्थी आहे. त्यावर बाई म्हणाल्या, "आपण सगळेच जन्मभर विद्यार्थी असतो हो काका. ही फाईल तेवढी वर द्या." आपल्याकडील मूळचे शिपाईदादा मात्र बोलले, "काका, इतकं पळत जाऊ नका. तुम्ही पळता आणि बोलणी आम्हाला बसतात." तेव्हापासून अर्जदार सावकाश जातो. त्यामुळे परत यायलाही उशीर होतो.

६. वर्गातल्या मुलांना खरी गोष्ट ठाऊक आहे. दुसऱ्या बाकावर जाड भिंगांची एक मुलगी बसते, तिला सगळे 'दुर्बीण' म्हणतात. ती आपली पिशवी ठेवून अर्जदाराची जागा रोज धरते. एकदा म्हणाली, "आजोबा, तुमचा नंबर पुकारला की मीच आवाज जाड करून 'हजर' म्हणू का? कुणाला कळतंय!" अर्जदाराने सक्त नकार दिला. ज्या वहीचा भार आयुष्यभर वाहिला, तिच्यात खोटी खूण पडू देणे त्याच्याने होणार नाही. ती म्हणाली, "मग बसा खऱ्यासारखे गैरहजर."

७. सर्वांत वाईट गोष्ट मागच्या आठवड्यात घडली. शिपाईदादा रजेवर गेले आणि घंटा अर्जदाराकडे आली. नेमका त्याच दिवशी इतिहासाच्या तासाला किल्ल्याचा वेढा निघाला. अर्जदार बाकावर बसून ऐकत होता. आत धान्य संपले, दाणागोटा आणायला रात्रीचा माणूस सोडला, तो वेशीपर्यंत आला, आणि घड्याळात तास संपायला एक मिनिट उरले. अर्जदाराने घड्याळाकडे पाहिले, प्राध्यापकांकडे पाहिले. बाकावर बसवेना आणि उठवेना, अशी त्याची गत झाली. शेवटी उठला. घंटा त्यानेच वाजवली. परत आला तेव्हा प्राध्यापक "असा तो सगळा प्रकार" म्हणत फळा पुसायला सांगत होते. कोणाला सांगत होते, हे लिहिण्याची गरज नाही. दुर्बिणीला विचारले, तर ती म्हणाली, "आजोबा, घंटा झाल्यावर कोण ऐकतं?"

त्या दिवसापासून अर्जदाराच्या जिवाला स्वस्थता नाही. बाकावर असला की कान व्हरांड्यात असतात, आणि व्हरांड्यात असला की मन बाकावर. तेव्हापासून सलग अकरा मिनिटांहून अधिक तो बसलेला नाही.

८. घरी त्याने हे लपवून ठेवले होते. परवा सदरा धुवायला घेताना पत्नीने विचारले, "विद्यार्थ्याच्या बोटाला शाई लागते. तुमच्या खिशात खडूचा चुरा कसा?" मग सगळे सांगावे लागले. ती म्हणाली, "चौतीस वर्षं पगार घेऊन दारात उभे राहिलात. आता फी भरून उभे राहताय. आणि मी शेजारणीला सांगते, हे कॉलेजला जातात!" यावर उत्तर आपल्याजवळ असल्यास कृपया कळवावे.

९. काल सकाळी मोठ्या बाईंनी यादी आणि टाचण्या दिल्या. अर्जदाराने यादी चारी कोपऱ्यांनी सरळ, डोळ्यांच्या उंचीवर लावली, दोन पावले मागे सरून पाहिली, आणि तिसरे नाव त्याचे होते. चोवीस दिवस, चोवीस गैरहजेऱ्या. खाली लिहिले होते की, यादीतल्यांना सहामाही परीक्षेस बसता येणार नाही, आणि त्यांनी पालकांस घेऊन भेटावे. अर्जदाराचे पालक हयात नाहीत. थोरल्या मुलास आणल्यास चालणार असेल तर तो येईल, मात्र तो हसेल.

येथे एक नम्र निवेदन आहे. या चोवीस दिवसांपैकी बावीस दिवस वर्ग 'ब'चे कुलूप अर्जदाराने उघडले आहे. म्हणजे तो येईपर्यंत बाकीचे सर्वच गैरहजर होते.

१०. कालच दुपारी शिंप्याने गणवेशासाठी अर्जदाराची मापे घेतली. 'असा माणूस पुन्हा मिळणार नाही, त्यास कायम करावे,' अशी मोठ्या बाईंची शिफारसही आपल्या टेबलावर आली असेल. ती फाईल अर्जदारानेच आणून ठेवली. उघडून पाहिली नाही, पण बाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली होती. इतके चांगले अर्जदाराबद्दल आजवर कोणी लिहिलेले नाही, त्यामुळे नाही म्हणताना त्याला जड जात आहे. तरीही तो नाही म्हणतो.

११. सबब विनंती की, अर्जदाराचे नाव यादीतून कमी करून त्यास परीक्षेला बसू द्यावे. गेल्या दिवसांची हजेरी देणे नियमात बसत नसेल, तर आजपासून द्यावी. आजची हजेरीपत्रके त्याने कार्यालयातच ठेवली आहेत. ती आता दुसऱ्या कोणीतरी वर्गांत न्यावीत.

या अर्जाचे उत्तर काहीही असो, ते कोणाकरवी तरी वर्ग 'ब'मध्ये पाठवावे. अर्जदार ते घ्यायला येणार नाही. तास चालू असेल.

आपला, विद्यार्थी या एकाच नात्याने, आज्ञाधारक
हजेरी क्रमांक ४७

सत्राचा सव्विसावा दिवस, पहिल्या तासापूर्वी.

सोबत :
१) प्रवेशाच्या पावतीची प्रत.
२) अर्जदाराच्या वहीचे पहिले पान. (त्यावर 'आज आपण पाहणार आहोत की' एवढेच आहे.)
३) वर्ग 'ब'ची किल्ली.