तीन हाका

३ मार्च, सोमवार
फुटपाथवर किल्ल्या घासणारा मी माणूस, आज दारूगोळ्याच्या कोठाराची कुलपं बदलायला आलो. आमची ही म्हणाली, तिथे तरी विडी ओढू नका. कोठार सांभाळणारे काका भला माणूस. मी नुसता खटका ऐकून आतली स्प्रिंग गेल्याचं सांगितलं, तर बघतच राहिले.

५ मार्च
इथे एक गंमत आहे. दार लावण्याआधी काका 'आत कोण?' अशा तीन हाका मारतात आणि थांबतात. चाळीस वर्षांपूर्वी एक हमाल पेट्यांमागे झोपला, कोणी हाक मारली नाही, आणि पुढे चार दिवस सुट्टी. मी म्हटलं, वाईट झालं काका, पण तेवढा वेळ दार सताड उघडं म्हणजे चोराला आवतणच. माझी नवी पद्धत: हाका बंद. आत जाणाऱ्याने बिल्ला बाहेरच्या खिळ्याला अडकवायचा. खिळे रिकामे, की दार बंद. दोन किल्ल्या, दोन माणसं: एक काकांकडे, एक पहारेकऱ्याकडे. आतून उघडायची सोयच नाही. साहेबांनी पाठ थोपटली.

१० मार्च
दार लावलं आणि आतून तीन ठोके. खिळे रिकामे. उघडलं, तर नुसत्या पेट्या. मी म्हटलं, उन्हाने पत्रा तडकतो. पहारेकऱ्याने विचारलं, पत्र्याला तीनपर्यंत मोजता येतं का?

१२ मार्च
पुन्हा ठोके. पहारेकरी किल्ली लावायला तयार नाही. साहेब म्हणतात, जुनंच बरं होतं, तुमची कुलपं काढा. काढतो कशाला? उद्या पाचला दार लागण्याआधी मीच आत जाऊन कान लावतो.

१३ मार्च
झरोक्याच्या उजेडात लिहितोय. दोघांची नजर चुकवून आलो. उद्यापासून सुट्टी म्हणून आज चारलाच दार लावलं. मला बिल्लाच नाही — मी इथला नोकर थोडाच. खिळे रिकामे. एक किल्ली. दुसरी —

दार ठोकलं. पहारेकरी म्हणाला, ऐकलंत, सुरू झालं. मीच आहे म्हणून ओरडलो. काका म्हणाले, आता तर आवाजही कुलूपवाल्यांचाच काढतो. पावलं लांब गेली.

चार दिवस.

खिशात छिन्नी आहे. पण ठिणगी पडली तर — नको. हातांनीच ठोकतो.

पेट्यांमागून कोणीतरी सावकाश म्हणालं, चौथ्या दिवशी हात दुखायचे थांबतात.

म्हटलं, तू थांबला असशील. मी पाचव्या दिवशीही ठोक —