लाल गोल नसलेला कागद

प्रिय नाना,

आज लिहितेय, कारण गेल्या रविवारी आत्याने शेडची किल्ली परत मागितली. तुम्ही गेल्यावर पत्र कसलं लिहायचं आणि टाकायचं तरी कुठे, म्हणून इतके दिवस गप्प होते. पण भांडायला दुसरं कोणी उरलेलं नाही. तुमच्याशी कागदावर भांडायची सवय तुम्हीच लावलीत ना!

आत्या पवनानगरला राहते. माझ्या होडीचं लाकूड तिच्याच शेडमध्ये पडलंय, हे तुम्हाला माहीत आहे. आता धरणाकाठी सगळीकडे तंबू लागलेत, तिलाही ती जागा तंबूवाल्यांना द्यायचीय.

"कांचे, होडी करनार हायस का न्हाई?" म्हणाली. "न्हाईतर लाकडं शेकोटीला देते. शहरातली पोरं लय हौसेनं जाळत्यात."

"आत्या, थोडं थांब गं."

"कुनासाठी थांबू? तुजा म्हातारा तर गेला."

आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि तळेगावची बस धरली.

नाना, तुम्ही मला कुठे आणून सोडलंत ते बघा. मी होडीचा नकाशा काढून पाठवायचा, तुम्ही घाटाखाली खाडीकाठी जन्मभर होड्या बांधलेले, त्यावर लाल पेन्सिलीने एकच गोल करून परत पाठवायचा. काय चुकलं ते कधी लिहायचं नाही! एका कागदावर एकच गोल. मी डोकं फोडून घ्यायचं, चूक शोधायची, पुन्हा काढायचं. फोनवर फोटो पाठवला तर तुमचं उत्तर ठरलेलं : "फोनात रेषा कळत नाही. कागद पाठव."

आणि शेवटचा कागद आला तो कोरा. म्हणजे नकाशा होता, गोल नव्हता. तुमच्या सूनबाईंनी तेराव्यानंतर पाठवला. मी फोन करून विचारलं, नानांनी तो पाहिला होता का? त्या म्हणाल्या, "उशाशीच होता. रोज उलगडून बसायचे. पण शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं हो."

मग मी काय समजायचं? नकाशा बरोबर होता, की तुम्हाला दिसला नाही? बरोबर असेल तर करवत लावते. नसेल तर होडी पाण्यात मला घेऊन बुडेल. तेव्हापासून त्या कागदापुढे बसते आणि उठते. लाकूड कापवत नाही, टाकवतही नाही. कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवर गाडीच्या सीटखालचे ब्रॅकेट काढते, जे कोणी कधी वाकून बघत नाही. घरी येते तर आईचं सुरू, "ते होडीचं खूळ सोड आता." तिला कसं सांगू की सोडायलासुद्धा तुमचा गोल लागतो?

माझ्या पहिल्या पत्राला तुम्ही काय उत्तर दिलं होतं, आठवतं? "मावळात होडी कशाला? तिकडे डोंगर आहेत. डोलीचा नकाशा हवा असेल तर दुसरा माणूस बघ." किती राग आला होता मला! मी दोन पानं भरून पवनेचं वर्णन पाठवलं. शाळेच्या सुट्टीत आत्याकडे यायचे आणि काठावर बसून पलीकडचा तुंगचा डोंगर बघायचे, तिथे स्वतःच्या होडीने जायचं ठरवलं होतं, ते सगळं लिहिलं. तुम्ही त्यावर एक अक्षर बोलला नाहीत. फक्त लिहिलंत, "लांबी-रुंदी कळव."

आणि एकदा तरी यायचं होतं हो! मी कितीदा बोलावलं. "घाट चढायला मी काय ट्रक आहे?" असं लिहून मोकळे झालात. मी हसले होते तेव्हा. आता त्याच वाक्याचा राग येतो.

आज रविवार. मुदत संपली, शेड रिकामी करायची म्हणूनच पवनानगरला आले. किल्ली देण्याआधी कागद घेऊन काठावर गेले. उन्हाळ्याने पाणी इतकं मागे सरकलंय की शेडपासून पाण्यापर्यंत नुसता चिखल आणि दगड. कोळी आपल्या सपाट बुडाच्या होड्या त्यावरून ओढत नेत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि नाना, तो तिथेच दगडावर पसरला.

माझ्या होडीचा तळाचा कणा खोल आहे. तुमच्या गोलांनीच तो खोल होत गेला. पुढचं टोक लाटेसाठी उचललं, तेही तुमच्याच गोलामुळे. तुमच्या दारात खाडी. भरती येते आणि होडी आपोआप उचलली जाते. पवनेला भरती नसते, नाना! ही होडी चिखलात पहिल्या दगडालाच अडकली असती. आपण दोघं मिळून, इतक्या प्रेमाने, तुमच्या खाडीची होडी काढत होतो.

तुम्ही हे पाणी पाहिलंच नव्हतंत. डोळे धड असते तरी हा गोल तुम्हाला करता आला नसता. तो मलाच करायचा होता.

आत्याच्या नातीच्या दप्तरातून लाल पेन्सिल मागून आणली आणि कण्याभोवती गोल केला. किती रडले म्हणून सांगू! चूक सापडल्याचा आनंद होता, आणि ती तुम्हाला कळवता येणार नाही याचं दुःख.

आत्या मागे येऊन उभी राहिली. "काय गं, किल्ली?"

"न्हाई देत," म्हटलं. तिच्याच भाषेत.

ती कागदावरचा लाल गोल बघून म्हणाली, "मंग तंबू आंगनात लावू दे त्येंना."

तुम्हाला शब्द देते नाना, कणा उथळ करून नवा नकाशा काढेन आणि करवतीला हात लावायच्या आधी त्यात आणखी एक चूक शोधेन. एका वेळी एकच, तुमच्यासारखी. तो कागद आता पोस्टात पडणार नाही, शेडच्या भिंतीवर लागेल. आणि होडी पाण्यावर गेली की पहिली फेरी तुंगपर्यंत. घाट न चढताच तुम्हाला पवना दाखवेन.

तुमची हट्टी,
कांचन